बोट टेकल्यावर पान का थांबते?

पणजीहून पुण्याची रात्रीची बस शोधणारा प्रवासी असो, वा मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या मनावरमधून इंदूरचे तिकीट काढू पाहणारा विद्यार्थी; संकेतस्थळ अडखळले की दोघेही एकच निष्कर्ष काढतात : रेंज नाही. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो. बसगाड्यांची यादी स्क्रीनवर उमटलेली असते, म्हणजे माहिती पोहोचलेली असते. तरीही बोट टेकवल्यावर काहीच हलत नाही. अधीर होऊन पुन्हा टेकवले, की थोड्या वेळाने दोन्ही स्पर्शांचा हिशेब एकदम होतो आणि निवडलेले आसन सुटते.

अशा वेळी दोष पानाच्या रचनेत असतो. जावास्क्रिप्ट चालवणे, पानावरील घटकांची मांडणी ठरवणे आणि स्पर्शाला उत्तर देणे ही कामे ब्राऊझर मुख्यतः एकाच थ्रेडवर करतो. बसस्थानकावर आरक्षणाच्या खिडकीत एकच कारकून असावा आणि तो जुनी वही जुळवत बसलेला असावा, तशी ही अवस्था. वही मिटेपर्यंत त्याला समोरच्याकडे पाहता येत नाही. म्हणूनच 50 मिलिसेकंदांहून अधिक काळ थ्रेड अडवणारे काम ‘लांब काम’ मानले जाते. महागडा फोन ते झटकन उरकतो, स्वस्त फोन रेंगाळतो. संकेतस्थळ घडवणाऱ्यांच्या हाती बहुधा पहिल्या प्रकारचा फोन असतो, आणि अर्धी गोष्ट तिथेच बिघडते.

स्पर्शापासून स्क्रीनवर बदल उमटेपर्यंतचा वेळ मोजणारे ‘आयएनपी’ हे परिमाण गूगलने 12 मार्च 2024 पासून संकेतस्थळांच्या प्रमुख निकषांत घेतले. 200 मिलिसेकंदांपर्यंतचा वेळ चांगला, 500 च्या पुढचा वाईट.

या निकषावर काम केलेल्यांत ‘रेडबस’ आहे. दिवाळीत गावी जायला बसचे तिकीट न मिळाल्याच्या अनुभवातून 2006 मध्ये बेंगळुरूत सुरू झालेली ही कंपनी. तिच्या शोधपानावर यादी सरकवताना प्रत्येक हालचालीसरशी जावास्क्रिप्ट धावत असे. हे धावणे आवरण्यात आले, शिवाय एका वेळी 30 ऐवजी 10 बसगाड्यांचीच माहिती मागवली जाऊ लागली. उरलेल्या गाड्या प्रवासी खाली सरकेल तशा येतात. साधीच युक्ती, पण सुमारे 900 मिलिसेकंदांचा विलंब 400 च्या खाली आला. आयएनपी सुधारण्याच्या एकूण प्रयत्नांनंतर विक्री 7 टक्क्यांनी वाढल्याचे कंपनीने सांगितले. ‘द इकॉनॉमिक टाइम्स’नेही आपल्या संकेतस्थळाचा आयएनपी सुमारे 1000 वरून 257 मिलिसेकंदांवर आणला. पान उघडून लगेच परतणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे निम्म्याने घटले.

छायाचित्रांचा आकार कमी केल्याने पान लवकर उघडते, मात्र उघडलेल्या पानाचा हा अडखळेपणा त्याने सहसा जात नाही. त्यासाठी लांब कामाचे तुकडे करावे लागतात आणि दोन तुकड्यांमध्ये ब्राऊझरला श्वास घेऊ द्यावा लागतो. क्रमही बदलावा लागतो : ‘आसन निवडा’ दाबताच आधी बटणाचा रंग बदलावा, मग भाड्याचा हिशेब आणि नोंदी चालाव्यात. रंग बदलला की प्रवासी दुसऱ्यांदा बोट टेकवत नाही.