मधला दुवा निखळला

परकीय देणगी नियमन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक २० सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत मांडले गेले, दुसऱ्या दिवशी तेथे संमत झाले आणि २३ तारखेला राज्यसभेनेही त्यावर शिक्कामोर्तब केले. कृषी विधेयकांवरील गदारोळात आठ सदस्य निलंबित झाल्याने विरोधकांचा बहिष्कार होता आणि त्यांची बाके रिकामीच होती. स्वयंसेवी क्षेत्राचा श्वास ज्यावर अवलंबून, ते विधेयक संसदीय समितीची पायरीही न चढता कायदा बनले.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. २०१० ते २०१९ या काळात परकीय देणग्यांचा वार्षिक ओघ जवळपास दुप्पट झाला आणि २०११ ते २०१९ दरम्यान १९ हजारांहून अधिक संस्थांची नोंदणी रद्द करावी लागली, असे विधेयकाच्या उद्दिष्टांतच नमूद होते. नामधारी संस्थांचे पीक कोणत्या जिल्हाधिकाऱ्याने पाहिलेले नाही?

चर्चा झाली ती मुख्यतः आधार क्रमांकाची सक्ती आणि संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या शाखेतील अनिवार्य खात्याची. खरा घाव मात्र सातव्या कलमात होता. पूर्वी नोंदणीकृत संस्था आपली परकीय देणगी दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे सोपवू शकत असे. आता ती कोणालाही देता येत नाही. परदेशी प्रतिष्ठानापुढे इंग्रजीत प्रस्ताव मांडणे, त्याचे लेखापरीक्षण सांभाळणे हे महानगरातील मोठ्या संस्थेला जमते. आदिवासी पाड्यावर दहा कार्यकर्त्यांनिशी काम करणाऱ्या मंडळाला नाही. मोठी संस्था पैसा आणी, छोटी तो गावात राबवी. हा मधला दुवाच कायद्याने काढून घेतला. भरीस प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कार्यालयाचे भाडे आणि हिशेबनिसाचा पगार याच खर्चात मोडतात. अनुपालन वाढवायचे आणि ते करणाऱ्या माणसाचा पैसा कापायचा, हा तर्क अनाकलनीय आहे.

परकीय देणगी मिळणे हा निरपेक्ष हक्क नव्हे, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ रोजी या तरतुदी ग्राह्य ठरविल्या. कायद्याची वैधता संपली. शहाणपणाचा प्रश्न उरतो. २००७ च्या राष्ट्रीय स्वयंसेवी क्षेत्र धोरणात केंद्रानेच हा कायदा वेळोवेळी तपासून सुलभ करण्याचे वचन दिले होते.

कंपन्यांच्या नफ्यातील दोन टक्के सामाजिक निधी आहे ना, असे साउथ ब्लॉकच्या परिसरात ऐकू येत असे. पण हा निधी कारखान्याच्या आसपास रमतो आणि फलक लावता येईल अशी इमारत त्याला प्रिय असते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना नवजात अर्भकांची काळजी घ्यायला शिकवले. ती पद्धत २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली गेली, पण त्याआधी अनेक वर्षे केवळ प्रयोगातच गेली होती. अशा प्रतीक्षेचा खर्च कोणत्या तिमाही अहवालात बसणार?

नोंदणीकृत संस्थांमधील हस्तांतर, दोन्ही बाजूंच्या हिशेबाच्या अटीवर, पुन्हा खुले करण्यास एका कलमाची दुरुस्ती पुरेशी आहे. या वेळी तरी ती समितीकडे जावी.