फोल्डर उघडत नाही? आधी दार ओळखा



महिन्याची २० तारीख जवळ आली की सुरतेत माझा फोन जास्त वाजतो. जीएसटीचे ३बी रिटर्न भरण्याची ती तारीख. फोन करणारी बहुतेक आपलीच मुले-मुली असतात. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागात राहायची, रिंग रोडच्या कापड मार्केटात अकाउंट्स किंवा बिलिंग सांभाळायची. तक्रार जवळपास ठरलेली असते: "दादा, सर्व्हरचा फोल्डर उघडत नाहीये आणि शेठ डोक्यावर उभे आहेत."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नेटवर्क दुरुस्त करणे हा माझा धंदा नाही, पण ओळखीच्या लोकांसाठी हे काम इतक्यांदा केले आहे की त्यातली शिस्त एकदा लिहून काढावी असे वाटले. घरातल्या तरुण मंडळींना नोकरीत ती नक्की उपयोगी पडेल.

आधी या 'सर्व्हर'बद्दल. लहान पेढीत चार-पाच कॉम्प्युटर असतात आणि ते एका राउटरला जोडलेले असतात. त्यातल्या एकावर टॅलीचा डेटा असतो आणि तो फोल्डर बाकीच्यांसाठी शेअर केलेला असतो. त्यालाच सगळे सर्व्हर म्हणतात. खरे तर ते साधे विंडोजचे मशीन असते आणि त्यावर कुणीतरी दिवसभर बिलेही बनवत असते. मी त्याला 'मुख्य मशीन' म्हणतो.

दुसऱ्या मशीनवरून हा फोल्डर उघडताना तीन प्रश्नांची उत्तरे मिळावी लागतात. पत्ता सापडला का? तुम्ही कोण आहात? तुम्हाला आत काय करायची मुभा आहे? पत्ता, ओळख आणि परवानगी ही तीन दारे समजा. पडद्यावरची चूक नीट वाचली तर आपण कोणत्या दाराशी अडलो आहोत हे बहुतेक वेळा कळते. गडबड होते ती पहिल्या दाराशी अडलेला माणूस तिसऱ्या दाराचे कुलूप तोडायला जातो तेव्हा.

पहिले दार: पत्ता

'नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड' असा संदेश आणि शेवटी ८००७००३५ हा आकडा दिसला तर समजा की मुख्य मशीनपर्यंत आपण पोहोचलोच नाही. इथे पासवर्ड बदलून काही होणार नाही.

मुख्य मशीन चालू आहे का आणि झोपले तर नाही ना, हे सर्वांत आधी पाहा. जेवणाच्या सुट्टीनंतर फोल्डर गायब होत असेल तर कारण अनेकदा स्लीपची सेटिंग हेच निघते. मग त्या मशीनचा आयपी आकडा पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून त्याला पत्ताच मिळालेला नाही. केबल आणि राउटर तपासा. आकडा ठीक असेल तर दुसऱ्या मशीनवरून नावाऐवजी थेट त्या आकड्याने फोल्डर उघडून बघा. आकड्याने उघडला आणि नावाने नाही, तर रस्ता ठीक आहे, फक्त नाव ओळखले जात नाही. अशा वेळी मुख्य मशीनचा आकडा राउटरमध्ये कायमचा राखून ठेवला की रोजची कटकट संपते.

इथे आणखी एक कारण फार भेटते. राउटर बदलला की विंडोजला ते नवे नेटवर्क वाटते आणि ते 'पब्लिक' धरले जाऊ शकते. पब्लिक म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वायफायसारखे, म्हणून विंडोज बाहेरच्यांसाठी दारे लावून घेते. ऑफिसचे नेटवर्क 'प्रायव्हेट' करा, फायरवॉल मात्र चालूच राहू द्या. एखादे मशीन चुकून 'गेस्ट' वायफायवर गेले असेल तर त्याला इंटरनेट मिळते, पण शेजारचे मशीन सहसा दिसत नाही. तेही बघून घ्या.

दुसरे दार: ओळख

नाव आणि पासवर्डची चौकट पुन्हा पुन्हा येत असेल तर पत्ता सापडला आहे, पण ओळख पटत नाही. इथे तीन गोष्टी लोकांना ठाऊक नसतात.

पहिली, मशीन सुरू करताना टाकतो तो चार आकडी पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो. नेटवर्कवर तो चालत नाही, तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. दुसरी, मुख्य मशीनवरच्या खात्याला पासवर्डच नसेल तर त्या खात्याने नेटवर्कवरून आत येता येत नाही. विंडोजचा तो मूळ नियम आहे. "आमच्याकडे पासवर्डच नाही, मग मागतो कसला?" या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. तिसरी, पासवर्ड बदलला तरी जुना पासवर्ड दुसऱ्या मशीनच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जपलेला असतो आणि विंडोज तोच पुढे करत राहते. तो काढून टाका आणि नवा भरा.

१२१९ हा आकडा दिसला तर एकाच मशीनवरून मुख्य मशीनशी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडणी होत आहे. जुनी जोडणी तोडा, साइन आउट करून पुन्हा या आणि एकच नाव वापरा.

तिसरे दार: परवानगी

'ॲक्सेस इज डिनाइड' आले, किंवा फोल्डर उघडला पण फाइल सेव्ह होत नाही, तर आपण शेवटच्या दाराशी आहोत. इथे दोन वह्या असतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' नावाचा एक भाग असतो आणि 'सिक्युरिटी' नावाचा दुसरा. नेटवर्कवरून येणाऱ्यासाठी दोन्ही तपासल्या जातात आणि ज्या वहीत कमी मुभा तिचेच चालते. एकीत 'फुल कंट्रोल' आणि दुसरीत फक्त 'रीड' असेल तर हाती फक्त वाचणेच येते. बहुतेक जण पहिली वही बदलतात आणि दुसरी उघडतच नाहीत.

एक मर्यादा मोठ्या ऑफिसांनी लक्षात ठेवावी. साधे विंडोज १० किंवा ११ एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्या घेते. एकविसावे मशीन अडले तर बिघाड शोधू नका. खरा सर्व्हर घेण्याची वेळ झाली आहे.

हे सगळे आताच का व्हायला लागले?

"इतकी वर्षे चालत होते, आता काय झाले?" हा प्रश्न रास्त आहे. नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची ही पद्धत, एसएमबी, १९८३ साली आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाम यांनी तयार केली. तेव्हा नेटवर्क म्हणजे ओळखीच्या माणसांची एक खोली होती. तिची पहिली आवृत्ती जगभर वर्षानुवर्षे चालत राहिली.

मग १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय आले. याच जुन्या आवृत्तीतल्या एका त्रुटीतून ते एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरत होते, फाइलींना कुलूप लावत होते आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागत होते. सुमारे १५० देशांतली २ लाखांहून जास्त मशीन त्यात सापडली. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते अडकले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ही जुनी पद्धत मुळातच बंद ठेवायला सुरुवात झाली. २०१८ मध्ये 'होमग्रुप' गेला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो प्रकारात, पासवर्डशिवाय 'गेस्ट' म्हणून आत जाणे बंद झाले आणि देवाणघेवाणीवर डिजिटल सही सक्तीची झाली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि ऑफिसांमध्ये नवी मशीन येऊ लागली. जुने मुख्य मशीन आणि नवे विंडोज ११ एकाच टेबलावर आले की भांडण होणारच.

रिंग रोडवरच्या एका पेढीत नेमके हेच झाले होते. नव्या लॅपटॉपवरून टॅलीचा फोल्डर उघडेना. तिथल्या दुरुस्तीवाल्याचा उपाय तयार होता: फायरवॉल बंद, पासवर्ड बंद, जुने एसएमबी चालू आणि 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल. पाच मिनिटांचे काम. अकाउंट्स सांभाळणाऱ्या आपल्या मराठी मुलीने मात्र त्याला थांबवले आणि मला फोन केला.

आम्ही मुख्य मशीनवर प्रत्येकाच्या नावाचे साधे खाते उघडले आणि त्याला पासवर्ड दिला. दोन्ही वह्यांतून 'एव्हरीवन' काढले. टॅलीचा फोल्डर फक्त अकाउंट्सच्या दोघींना दिला, डिझाइनचे फोटो विक्रीच्या मुलांना फक्त बघण्यापुरते दिले. तास-सव्वा तास गेला. एक जुना प्रिंटर तेवढा स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये टाकेना, कारण त्याला जुनीच पद्धत येत होती. एका प्रिंटरसाठी सगळ्या ऑफिसचे दार उघडे ठेवण्यापेक्षा पेन ड्राइव्हवर स्कॅन घेणे शेठनाही पटले.

त्या मुलीचे थांबवणे मला महत्त्वाचे वाटते. खंडणीचा व्हायरस एका मशीनवर आला की त्या मशीनच्या माणसाला जिथे जिथे लिहायची मुभा आहे तिथपर्यंत त्याचा हात पोहोचतो. 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' असेल तर कुणा एकाने उघडलेल्या खोट्या बिलाच्या ईमेलने सगळ्या पेढीची खाती कुलूपबंद होऊ शकतात. असे झाले की दोष कुणावर येतो? पाच मिनिटांत काम करून गेलेल्यावर क्वचितच. तो येतो खुर्चीवर बसलेल्या अकाउंटंटवर, आणि ती खुर्ची आपल्या घरातली असते.

परवानग्या नीट असल्या तरी टॅलीच्या फोल्डरमध्ये कुणाला तरी लिहावेच लागते, म्हणून बॅकअपला पर्याय नाही. एक प्रत अशा डिस्कवर ठेवा जी काम झाल्यावर काढून ठेवली जाते. सतत जोडलेली डिस्क व्हायरसलाही दिसते. दुसरी प्रत ऑफिसच्या बाहेर ठेवा. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली ते घरातल्या मोठ्यांना विचारा. पाणी मूळ आणि प्रत असा भेद करत नाही.

तरुण मित्रमैत्रिणींना शेवटी एवढेच सांगतो. उद्या ऑफिसला गेलात की एक कागद घ्या. मुख्य मशीनचे नाव, त्याचा आयपी आकडा, कोणता फोल्डर कुणाला आणि किती मुभेने दिला आहे, शेवटचा बॅकअप कधी घेतला, एवढे लिहा. पासवर्ड त्यावर लिहू नका. चूक आली की आधी संदेशाचा फोटो काढा, मग तीन दारे क्रमाने तपासा. आणि कुणी "सगळे उघडे करून देतो" म्हणाला, तर त्याला विचारा: नेमके कोणते दार अडले आहे?