हवेच्या बंदुकीला परवाना हवा काय?

इंदूरच्या स्नेहलतागंजात, किंवा कोणत्याही शहरातील तशाच जुन्या वस्तीत, घराला घर लागून असते. एकाची गच्ची दुसऱ्याच्या खिडकीसमोर येते. अशा एखाद्या गच्चीवर कुणाच्या हाती छर्ऱ्याची बंदूक दिसली, की शेजाऱ्यांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हे खेळणे म्हणावे की हत्यार? आणि हत्यार असेल, तर ते परवान्यावाचून घरात ठेवता येते ते कसे?

उत्तरापूर्वी यंत्राची थोडी ओळख करून घेणे बरे. हवेच्या बंदुकीत दारू नसते. नेहमीच्या प्रकारात नळी मोडून खाली दाबली, की आतील बळकट स्प्रिंग आवळली जाते. चाप ओढताच स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढील हवा दाबली जाते आणि शिशाचा छर्रा नळीतून बाहेर पडतो. स्पर्धेतील दहा मीटरच्या रायफलीचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो व त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७५ मीटर, म्हणजे ताशी ६३० किलोमीटर भरतो. त्याची ऊर्जा साधारण ८ जूल होते. छर्रा लहान असल्यामुळे ही सारी ऊर्जा एका बिंदूवर पडते. पुठ्ठ्याच्या लक्ष्याला त्याने भोक पडते. डोळ्यावर बसला, तर दृष्टी जाते.

कायद्याची भूमिका येथूनच समजते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने बंदुकीची व्याख्या करताना केवळ स्फोटक दारूचा विचार केलेला नाही. दारूने अथवा अन्य कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेने अस्त्र फेकणारे साधन, अशी ती व्याख्या आहे. दाबलेली हवा ही अशीच ऊर्जा होय. तेव्हा तत्त्वतः हवेची बंदूक ही बंदूकच आहे. मात्र १९६२ साली हा अधिनियम अमलात आला, त्या वेळी कमी शक्तीच्या हवेच्या बंदुकांना परवान्यातून सूट देण्यात आली. ही सूट पुढे जवळजवळ पन्नास वर्षे कुणाला फारशी खटकली नाही. अखेर प्राणिमित्रांच्या एका संस्थेच्या अर्जावरून दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ साली या सवलतीविरुद्ध निर्णय दिला आणि वाद पेटला. नेमबाजीचे हितचिंतक एका बाजूला, पाखरांचे कैवारी दुसऱ्या बाजूला, असे चित्र उभे राहिले.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी या वादात एक रेषा आखली. ज्या हवेच्या बंदुकीची ऊर्जा २० जुलांपेक्षा अधिक किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा, तिला परवाना आवश्यक. त्याखालील बंदूक परवान्यावाचून बाळगता येते. २० जूल म्हणजे किती? दोन किलोचे वजन एक मीटर उंचीवरून खाली पडताना जेवढी ऊर्जा मिळते, जवळजवळ तेवढी. स्पर्धेच्या रायफलीची ऊर्जा तिच्या निम्म्याहूनही कमी असते. यावरून रेषा किती सैल आहे, हे ध्यानी येईल.

परवाना नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजली भागवत यांनी दहा मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले. प्रत्येक होतकरू मुलाला प्रथम कचेरीचे उंबरठे झिजवावे लागले, तर सामान्य घरातील किती मुले नेमबाजीकडे वळतील?

उलट बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात २००५ साली हवेच्या बंदुकीच्या छर्ऱ्याने दोन वर्षांच्या बालकाचा जीव गेला. त्यानंतर तेथे दीर्घ काळ चर्चा झाली, २०१५ साली कायदा झाला आणि २०१६ च्या ३१ डिसेंबरपासून अशा शस्त्रांना परवाना सक्तीचा ठरला. इंग्लंडमध्ये मात्र सुमारे १६ जुलांपर्यंतच्या रायफलीला आजही परवाना लागत नाही. आपल्याकडे अरुणाचल प्रदेशात २०२१ साली निराळाच मार्ग चोखाळला गेला. तेथे पाखरांच्या शिकारीसाठी घरोघरी हवेच्या बंदुका होत्या. सरकारने आवाहन केले आणि गावकऱ्यांनी दोन हजारांहून अधिक बंदुका आपखुशीने जमा केल्या. मुलांचा खेळ होतो, पण बेडकाचा जीव जातो, ही म्हण तेथील लोकांना पटली, असेच म्हणावे लागेल.

मग निष्कर्ष कोणता? परवाना हा बंदूक कुणाच्या नावावर आहे एवढे सांगतो. ती कपाटात कुलूपबंद आहे की मुलाच्या हाती लागेल अशी खाटेखाली पडली आहे, हे सांगत नाही. निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या जिवाला धोका पोहोचविणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या १२५ व्या कलमान्वये शिक्षा आहे, पक्ष्यांच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाने आळा घातला आहे. परंतु हे दोन्ही कायदे कृत्य घडल्यावर धावून येतात. वरातीमागून येणाऱ्या घोड्यांचा गेलेल्या डोळ्याला काय उपयोग?

म्हणून सर्वच हवेच्या बंदुकांना परवान्याची सक्ती करण्यापेक्षा मधला मार्ग श्रेयस्कर दिसतो. पहिली गोष्ट, २० जुलांची मर्यादा खाली आणावी; स्पर्धेच्या रायफलीला त्याने बाधा येत नाही. दुसरी, खरेदीदाराची ओळख व वय पाहून विक्रीची पक्की नोंद ठेवल्यावाचून कोणत्याही दुकानदाराने बंदूक हाती देऊ नये. तिसरी, नेम धरण्याचा सराव मान्यताप्राप्त केंद्रातच, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावा. गच्ची व गल्ली ही त्याची जागा नव्हे. चौथी गोष्ट कायद्याच्या हातची नाही, ती आईबापांच्या हातची आहे. बंदूक व छर्रे निरनिराळ्या कुलपांत असावेत आणि किल्ल्या वडीलधाऱ्यांपाशी. खेळाच्या मैदानावर ज्याला शिस्त लागली, त्याला या कुलपाचा जाच वाटणार नाही. आणि ज्याला जाच वाटतो, त्याच्या हाती बंदूक देण्याची वेळ अजून आलेली नाही.