फळ्याच्या जोडीला पडदा

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावनजीक गाढवी नदीवर इटियाडोह धरण उभे आहे. त्याच्या पाटांचे पाणी गोंदियाप्रमाणेच शेजारच्या जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांपर्यंतही पोहोचते. धरण बांधल्याने पाणी साठते. परंतु ते शेतात खेळविण्याचे काम पाटाला करावे लागते. शाळेतील नव्या साधनांचेही असेच आहे. संगणक, दूरदर्शन संच वा भ्रमणध्वनी शाळेत आला, म्हणजे ज्ञान मुलांपर्यंत पोहोचले असे होत नाही. त्याचा पाट शिक्षकच होय.

हा अनुभव नवा नाही. १९७५-७६ मध्ये भारताने उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन कार्यक्रम पोहोचविले. त्या प्रयोगातही प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान-प्रशिक्षणाला स्वतंत्र स्थान देण्यात आले होते. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार होऊ लागले. माध्यमे बदलत गेली. प्रश्न मात्र तोच राहिला : वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला साधन आपले वाटते काय?

साधन कपाटात बंद राहण्याचे कारण बहुधा आळस नसून संकोच असतो. मुलांसमोर यंत्र अडले तर? ते बिघडले तर जबाबदारी कोणाची? ज्या शाळेत दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात, तेथे एवढा वेळ तरी कोठून आणावा? या शंका रास्त आहेत. केवळ आदेशाने त्या मिटत नाहीत. लहान लहान यशाने मिटतात.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. श्री. रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तेथे रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत दुरवस्थेत होती. अनेक मुलांची मातृभाषा कन्नड होती. श्री. डिसले यांनी ती भाषा शिकून घेतली, पाठ मुलांना समजतील असे केले आणि क्यूआर कोडच्या साहाय्याने ध्वनी, चित्रफिती व कविता पुस्तकाच्या पानांशी जोडल्या. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलर्सचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देण्याचे जाहीर केले. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, सुरुवात यंत्रापासून नव्हे, तर मुलांच्या अडचणीपासून झाली.

इटियाडोह परिसरातील शिक्षकालाही हा मार्ग मोकळा आहे. पाणीपुरवठ्याचा पाठ शिकविताना उपग्रहाने टिपलेले जलाशयाचे चित्र पडद्यावर दाखवावे. पाट कोठून निघतो, बांधी कोठे आहे, हे मुलांनीच ओळखावे. झाडीबोलीत त्यांनी दिलेली नावे फळ्यावर लिहून त्यांच्या शेजारी प्रमाण मराठी शब्द लिहावेत. वीज गेली, तर तोच नकाशा खडूने काढता येतो. असा पर्याय हाताशी असला की यंत्र अडण्याची धास्ती राहत नाही. एखादे बटण मुलांना अधिक ठाऊक असेल, तर त्यांना विचारण्यात कमीपणा नाही. कोणते चित्र केव्हा दाखवावे व त्यावर कोणता प्रश्न विचारावा, हे शिक्षकालाच ठाऊक असते.

आठवड्यात एक पाठ, एकच साधन आणि वर्गापूर्वी एकदा रंगीत तालीम, एवढ्यावर आरंभ करता येतो. केंद्रातील शिक्षण परिषदेत यशस्वी पाठाबरोबर फसलेला पाठही मांडला जावा. त्यातून सहकाऱ्यांचा धीर वाढतो. २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक शिक्षकांना एकाएकी भ्रमणध्वनीचा आधार घ्यावा लागला. पूर्वतयारीचे मोल त्या वेळी सर्वांनाच कळून आले.

यात इतरांचाही वाटा आहे. तपासणी अधिकाऱ्यांनी यंत्रांची संख्या मोजण्याऐवजी एखादा पाठ बसून पाहावा. वापरताना झालेल्या बिघाडाचा दोष शिक्षकावर ठेवू नये. अन्यथा कुलूप हाच सुरक्षित मार्ग ठरतो. ग्रामपंचायतीने शाळेचे वीजदेयक व किरकोळ दुरुस्ती यांकडे लक्ष पुरवावे. पाटातील गाळ वेळेवर निघाला, तरच शेवटच्या बांधीला पाणी मिळते. शिक्षकाच्या मनातील संकोच हाही असाच गाळ आहे. तो सर्वांच्या सहकार्याने दूर झाला, तर शेवटच्या बाकावरील मुलापर्यंतही ज्ञान पोहोचेल.