एक अभ्यास, दोन खतावण्या

डेन्मार्कमध्ये अभियांत्रिकीच्या पेपरात १२ मिळाले तर पेढे वाटायला हरकत नाही. तिथे त्याच्या वरची श्रेणीच नाही. फ्रान्समध्ये २०पैकी १२ म्हणजे बरा, चारचौघांसारखा पेपर. इटलीत ३०पैकी १२ म्हणजे सरळ नापास, कारण पास व्हायलाच १८ लागतात. जर्मनीत सगळंच उलटं: १ सर्वोत्तम आणि ४ला कसाबसा पास. यांतल्या दोन देशांत शिकून दोन्हीकडची पदव्युत्तर पदवी कुणाला हवी असेल, तर आधी कुणाला तरी हे आकडे जुळवत बसावं लागतं.

ते काम पद्धतशीरपणे अंगावर घेणाऱ्यांत जुनं नाव ‘टाइम’ या विद्यापीठांच्या जाळ्याचं. १९८९ साली, बर्लिनची भिंत कोसळली त्याच वर्षी, पॅरिसच्या एकोल सेंत्रालच्या पुढाकाराने ते उभं राहिलं. ही संस्था १८२९ची. मनोरेवाले गुस्ताव्ह आयफेल इथूनच १८५५मध्ये बाहेर पडले. ‘टाइम’ उभं राहिलं तेव्हा युरोपीय बाजारपेठ एक होऊ घातली होती आणि एकाहून अधिक देशांच्या कारखान्यांत सहज वावरणारे अभियंते हवे होते. जाळ्याच्या मूळ नावात म्हणूनच ‘युरोपसाठी’ असा शब्द होता. पुढे साओ पाउलो, तोहोकु, केइओ अशी लांबची विद्यापीठं आत आली आणि नावातला युरोप गळाला. मिलानचं पॉलिटेक्निक आणि स्टॉकहोमचं केटीएचही याच मांडवातले.

या व्यवहाराचं मर्म हिशेबात आहे. बोलोन्याच्या १९९९च्या जाहीरनाम्यानंतर युरोपात वर्षभराच्या अभ्यासाला ६० क्रेडिट हे माप रूढ झालं. बॅचलर आणि मास्टर मिळून पाच वर्षं, ३०० क्रेडिट. ‘टाइम’च्या दुहेरी पदवीला सहा वर्षं लागतात, म्हणजे ३६०. त्यांतली दीड ते दोन वर्षं परक्या संस्थेत काढायची. दोन्ही विद्यापीठं एकमेकांकडचे विषय आपल्या खतावणीत जमा करतात, आणि विद्यार्थी दोन पदव्यांच्या बदल्यात दोन नव्हे, एकच जादा वर्ष मोजतो. फी सहसा आपल्याच घरच्या विद्यापीठात भरायची. सौदा वाईट नाही.

पण ते एक वर्ष कसं जातं? इटलीतला विद्यार्थी तीन वर्षं शिकून पॅरिसला येतो आणि सेंत्रालच्या पहिल्या वर्षात बसतो. बाजूच्या बाकावरची फ्रेंच मुलं बारावीनंतर दोन वर्षं ‘प्रेपा’ नावाच्या तयारी-वर्गांत गणित आणि भौतिकशास्त्र घोटून, देशव्यापी स्पर्धा-परीक्षा देऊन आलेली असतात. आपल्याकडचे कोट्याचे क्लास आठवावेत. फरक इतकाच की प्रेपाचे वर्ग सरकारमान्य शिक्षणाचाच भाग आहेत आणि सरकारी शाळांतही भरतात. पाहुण्या विद्यार्थ्याने मशीन डिझाइन शिकलेलं असतं. फ्रेंच मुलाने बहुधा स्क्रूसुद्धा आवळलेला नसतो, पण सिद्धता मात्र तो सपासप लिहितो. विशेषज्ञ घडवण्याआधी कुठल्याही क्षेत्रात शिरू शकेल असा अभियंता घडवायचा, हा तिथला जुना आग्रह. गणिताच्या जोडीला अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनही आलंच. तिसऱ्या वर्षानंतर पुन्हा पहिल्या वर्षात बसल्याचा सल पाहुण्याला काही दिवस छळत असणार. तरी या पदवीतली खरी कमाई मला तीच वाटते. अभियांत्रिकीकडे दुसऱ्याही बाजूने बघता येतं, हे परदेशात एक सत्र काढून येणाऱ्याला सहसा उमगत नाही.

उलट दिशेला जाणाऱ्या फ्रेंच विद्यार्थ्याची वेगळीच फजिती. तो सेंत्रालची दोन वर्षं करून मिलानला जातो, तिथलं मास्टर पूर्ण करतो आणि त्या बळावर आपली फ्रेंच पदवीही मिळवतो. इटलीत बऱ्याच विषयांना तोंडी परीक्षा असते आणि प्राध्यापकाने दिलेले गुण विद्यार्थी चक्क नाकारू शकतो. ‘२२? नको, पुढच्या वेळी परत येतो,’ असं म्हणायची तिथे मुभा आहे. रांगेतल्या क्रमांकावर भवितव्य ठरवणाऱ्या व्यवस्थेतून आलेल्या मुलाला हे पचायला वेळ लागतो.

प्रत्येक दुहेरी पदवी इतकी खर्चिक नसते. दोन वर्षांचं, १२० क्रेडिटचं मास्टर. पहिलं वर्ष एका देशात, दुसरं दुसऱ्यात, प्रबंध एकच आणि शेवटी दोन प्रमाणपत्रं, असाही प्रकार मुबलक आहे. इथे जादा वर्ष नाही. दोन्ही विद्यापीठं तेच १२० क्रेडिट आपापल्या वहीत पूर्ण मोजतात. बेकायदा काही नाही, पण नोकरी देणारा माणूस या दोन कागदांची बेरीज करत नाही, हे अर्ज भरतानाच ओळखलेलं बरं.

भारतातल्या मुलांना ‘टाइम’पेक्षा याच प्रकारातला ‘इरास्मस मुंडुस’ जवळचा. युरोपीय संघाने २००४मध्ये तो सुरू केला. अर्ज एकच, शिक्षण किमान दोन देशांत. शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि महिन्याला १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. विमानाचं तिकीट आणि व्हिसाचा खर्च त्यातूनच भागवायचा. ‘जेमारो’ या रोबोटिक्सच्या अभ्यासक्रमासाठी फ्रान्समधलं एकोल सेंत्राल नांत, इटलीतलं जेनोआ, पोलंडमधलं वॉर्सा आणि जपानचं केइओ अशी चार विद्यापीठं एकत्र आली. अशा अभ्यासक्रमांत खोली भाड्याने घेणं, निवास परवाना काढणं, बँकेत खातं उघडणं हे सगळं दर मुक्कामी नव्याने करावं लागतं. क्रेडिट मात्र त्याचं एकही मिळत नाही.

जर्मन विद्यापीठात प्रवेश घ्यायचा तर आकड्यांचा खेळ इथूनच सुरू होतो. तिथे परकीय गुण बदलताना ‘बव्हेरियन सूत्र’ वापरतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पास-गुण यांतल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. दहापैकी साडेआठ सीजीपीए असेल आणि आपल्या विद्यापीठात ४ला पास असेल, तर जर्मन श्रेणी १.७५ येते. तेच साडेआठ, पण ५ला पास असेल तर १.९. म्हणजे ज्या विद्यापीठाने पास होणं सोपं ठेवलं, त्याचा विद्यार्थी जर्मनीत अधिक हुशार ठरतो! ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली श्रेणींची चौकट म्हणूनच मन लावून वाचावी. परीक्षा विभागाने ती छापलीच नसेल, तर पास-गुण सांगणारं पत्र शिक्क्यासह वेगळं मागून घ्यावं.

आपल्याकडे हिशेबाची अशी मांडणी अधिकृतपणे झाली ती २०२२मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वर्षीच्या नियमांनी परदेशी विद्यापीठांशी ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी अशा तीन वाटा मोकळ्या केल्या. भारतीय संस्थेचा ‘नॅक’ या मूल्यांकन संस्थेने दिलेला गुणांक किमान ३.०१ हवा, किंवा ती एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत हवी, नाहीतर ‘इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स’ हवी. समोरचं विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत हवं. दुहेरी पदवीसाठी किमान ३० टक्के क्रेडिट भारतीय संस्थेतूनच मिळवायचे. एक पदवी सिव्हिलची आणि दुसरी एमबीएची, असली सरमिसळ इथे चालत नाही. विषय आणि पातळी दोन्हीकडे एकच लागते. प्रवेश मात्र दोन्ही संस्थांत वेगवेगळा घ्यावा लागतो. विषयाची परीक्षा एकदाच, जिथे तो शिकला त्याच संस्थेत. आणि अशी पदवी घेऊन आल्यावर समकक्षतेच्या दाखल्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही.