‘शाळा’ वाचून मुलं नाराज का होतात?

आजचा विषय एका तक्रारीतून आला. वसई-विरारमधल्या नववी-दहावीच्या काही मुलांबरोबर आम्ही मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ वाचली. मुलं खूश होतील असं आम्हाला वाटलं होतं. पुस्तक मिटल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘एवढंच? पुढे काय झालं?’ एक मुलगा म्हणाला, ‘यापेक्षा सिनेमा बरा होता.’ खरं सांगायचं तर आम्ही खट्टू झालो. ही नाराजी येते कुठून, ते आज पाहू.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही कादंबरी २००४ साली मौज प्रकाशन गृहानं प्रसिद्ध केली. काळ आणीबाणीचा. नववीतला मुकुंद जोशी स्वतः गोष्ट सांगतो. सुऱ्या, चित्रे, फावड्या हे त्याचे मित्र. त्यांचा अड्डा अर्धवट बांधलेल्या एका इमारतीत. नालासोपारा-विरारच्या मुलांना अशी इमारत समजावून सांगावी लागत नाही! मुकुंदला वर्गातली शिरोडकर आवडते. शेवटी ती गाव सोडून जाते, चौकडी विस्कटते आणि मुकुंदपुढे दहावी उभी राहते. संपलं.

नाराजीचं पहिलं कारण आपणच आहोत. पुस्तक देताना आपण म्हणतो, ‘वाच, शाळेचे दिवस आठवतील.’ अहो, जो रोज दप्तर घेऊन शाळेत जातोय, त्याला काय आठवणार? चाळिशीतला वाचक गोष्टीतल्या रिकाम्या जागा स्वतःच्या आठवणींनी भरतो. मोठा झालेला मुकुंद मध्येच येऊन काही समजावत नाही, त्यामुळे मुलांसाठी त्या जागा रिकाम्याच राहतात.

दुसरं कारण सिनेमा. सुजय डहाके यांचा ‘शाळा’ २०१२च्या जानेवारीत चित्रपटगृहांत आला, त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पडद्यावर शिरोडकरचा चेहरा दिसतो, गोष्ट दोनेक तासांत पुढे सरकते. पुस्तकात मात्र बराच वेळ मुकुंदच्या डोक्यात जातो: वाट पाहणं, अंदाज बांधणं, घाबरणं. सिनेमाचा वेग मनात धरून बसलं की पानं रेंगाळल्यासारखी वाटतात.

ही दोन्ही कारणं अपेक्षेची झाली. तिसरं वेगळं आहे. त्याच मुलीनं विचारलं, ‘शिरोडकरला काय वाटतं, ते कुठे कळतं? तो मागे मागे फिरतो, तिला भीती वाटली असेल तर?’ इथे आम्ही गप्प झालो. सगळी गोष्ट मुकुंदच्या डोळ्यांनी दिसते, म्हणून शिरोडकरचं मन आपल्याला त्याच्या अंदाजाइतकंच कळतं. लेखकानं निवडलेल्या निवेदनाची ही मर्यादा आहे, आणि मुलीनं ती बरोबर पकडली होती. याला वाचन म्हणतात.

म्हणून मूल ‘आवडलं नाही’ म्हणालं, तर लगेच ‘तुला कळलंच नाही’ म्हणू नका. आधी दोन गोष्टी विचारा: तुला काय मिळेल असं वाटलं होतं? आणि पुस्तकात नेमकं काय खटकलं? पहिल्या उत्तरातून अपेक्षा कळते, दुसऱ्यातून पुस्तक. मुलाला तिथेच गप्प केलं, तर पुढचं मराठी पुस्तक ते बहुधा उघडणारच नाही.

त्या मुलीला आम्ही म्हटलं, गाव सोडतानाची शिरोडकर तू लिही. पुढच्या आठवड्यात तिनं दोन पानं आणली. त्यासाठी तिनं ‘शाळा’ पुन्हा वाचली होती, आपणहून.

आता तुमचे प्रश्न घेऊ.