इच्छामरण: प्रश्न कोणाच्या इच्छेचा?

केईएममधला खटला

इच्छामरणाबद्दल आज आपल्याकडे जो कायदा आहे, त्याचा मोठा भाग परळच्या केईएम रुग्णालयातल्या एका खाटेभोवती घडला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला. मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत त्या केईएममध्येच होत्या.

२००९ मध्ये पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अरुणांना अन्न भरवणे थांबवावे, शांतपणे मरू द्यावे, अशी त्यांची मागणी होती. केईएमच्या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. सुरुवातीला सेवा करणाऱ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, त्यांनीही अरुणांना भरवले, पुसले, कुशीवर वळवले. इतक्या वर्षांत अंगावर बेडसोर नाही, याची दखल न्यायालयानेही घेतली. ७ मार्च २०११ च्या निकालात विराणींची मागणी फेटाळली गेली आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांना मिळाला. मात्र त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने का होईना, इतर रुग्णांचे जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली.

या खटल्यात दुष्ट कोणीच नव्हते. विराणींना अरुणांचे हाल पाहवत नव्हते आणि परिचारिकांना त्यांना मरू देणे मान्य नव्हते. अडचण एवढीच की खुद्द अरुणांना काय हवे होते, हे दोन्ही बाजूंपैकी कोणालाच सांगता येत नव्हते. माझ्या मते या वादाचे मूळ तिथेच आहे.

मारणे आणि मरू देणे

डॉक्टरने मुद्दाम प्राणघातक इंजेक्शन दिले तर ते सक्रिय इच्छामरण. भारतात तो गुन्हा आहे. व्हेंटिलेटर काढणे किंवा नवे उपचार सुरूच न करणे हे निष्क्रिय, आणि त्याला ठराविक अटींवर मान्यता आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स यांनी १९७५ मध्येच या भेदावर बोट ठेवले. हेतू एकच आणि परिणामही एकच असेल, तर हात चालवला की हात आखडता घेतला याने नैतिकता कशी बदलते, असा त्यांचा प्रश्न होता. उलट उपचार थांबवल्यावर कधी कधी मरण अधिक लांबते आणि अधिक त्रासाचे होते, हेही त्यांनी दाखवले.

युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण रोज पन्नास रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरच्या हाती सिरिंज देणे आणि ‘आता मशीन पुरे’ म्हणण्याची मुभा देणे, यांतला फरक रुग्णाचा डॉक्टरवरचा विश्वास टिकवतो. तेवढ्यासाठी तो राखावा असे मला वाटते.

न्यायालयांची वळणे

मारुती दुबळ खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तेच मत दिले आणि १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात ते फिरवले. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे तेव्हा ठरले. ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि लिव्हिंग विललाही, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्रालाही, मान्यता दिली.

परंपरेचा दाखला

या चर्चेत कोणीतरी आळंदीची संजीवन समाधी काढतोच. सावरकरांचे १९६६ चे आत्मार्पण आणि विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला केलेला अन्नत्याग हेही ठरलेले दाखले. जैनांच्या संथाऱ्यावर, म्हणजे मरणापर्यंतच्या उपवासावर, राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदी घातली, तिला काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पण या सगळ्यांत माणूस शुद्धीवर असतो आणि निर्णय त्याचा स्वतःचा असतो. आयसीयूत नळ्या लावून पडलेल्या बेशुद्ध रुग्णाला हे दाखले फारसे उपयोगी नाहीत.

भीती आणि बिल

नेदरलँड्सने २००२ पासून सक्रिय इच्छामरणाला कायद्याची चौकट दिली. कॅनडाने २०१६ मध्ये सुरुवात केली आणि २०२१ मध्ये मृत्यू जवळ नसलेल्या रुग्णांनाही मुभा दिली. दार एकदा किलकिले झाले की उघडतच जाते, असे विरोधक म्हणतात ते यावरूनच.

आपल्याकडची भीती वेगळी आहे. ‘माझं ओझं नको’ असे म्हातारी माणसे उठता-बसता म्हणतात. त्यात इच्छा किती आणि सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून आलेला संकोच किती, हे कोणी ठरवायचे? शिवाय पैसे संपले की नातेवाईक ‘आमच्या जबाबदारीवर घरी नेतो’ अशी सही करून रुग्णाला नेतात. हेही उपचार थांबवणेच आहे. तिथे ना वैद्यकीय मंडळ असते ना संमतीची चौकशी, आणि घरी वेदनाशामक देणाराही नसतो. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळते, पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र आहे. अशा जागा मोजक्याच. वेदना आटोक्यात नसलेला रुग्ण ‘मला सोडवा’ म्हणतो, तेव्हा त्याला मरणच हवे असते असे धरून चालता येत नाही.

लिव्हिंग विल

सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने प्रक्रिया सोपी झाली. सज्ञान व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यायचे. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावे त्यात लिहायची. विचार बदलला तर कधीही लेखी रद्द करता येते. अंमलाची वेळ आली की आधी रुग्णालयाचे प्राथमिक आणि मग दुय्यम वैद्यकीय मंडळ मत देते, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत. विल नसेल तर हीच मंडळे नातेवाइकांच्या संमतीवर चालतात.

विलची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. हा अधिकारी नेमलेलाच नव्हता, म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. त्यानंतर राज्यात अशा नेमणुका झाल्या. आपल्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत हे काम कोणाकडे आहे, हे आरोग्य विभागात विचारता येईल.